‘गॅलियमचा पेट करून या’ म्हणजे नेमकं काय करून यायचं?

सोनोग्राफीत लिव्हरवर डाग आले, तुकडा काढून तपासला, रिपोर्टवर ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असं आलं, की पुढची चिठ्ठी बहुतेक वेळा हीच असते. घरच्यांना त्यातलं ‘पेट’ कळतं, कारण गावातलं कुणी ना कुणी नागपूरला जाऊन पेट-सीटी करून आलेलं असतं. गॅलियम मात्र कळत नाही. मग ती फाईल आमच्या मेडिकलच्या काउंटरवर येते. तालुक्याच्या गावात जे डॉक्टरांना विचारायला जमत नाही, ते मेडिकलवाल्याला विचारायचं असतं. पहिला प्रश्न ठरलेला: “भाऊ, हा शेकच होय का जी?”

नाही. शेक म्हणजे किरणांचा उपचार, आणि हा उपचार नाही. ही तपासणी आहे. शरीरात टोचलेलं औषध थोडा वेळ स्वतःच किरण सोडतं आणि बाहेरचं मशीन ते पकडतं. पण एवढ्यानं समाधान होत नाही, व्हायलाही नको. साधा सीटी झालाय, सोनोग्राफी झालीये, मग हा आणखी एक खर्च कशाला, हे कळल्याशिवाय कुणी तूर विकून नागपूर गाठू नये.

आधी गाठीबद्दल. नाव ऐकून मेंदूचा आजार वाटतो, पण तसं नाही. आतडं, स्वादुपिंड, फुप्फुस, अपेंडिक्स, गुदाशय अशा बऱ्याच ठिकाणी काही पेशी विखुरलेल्या असतात, ज्या मज्जातंतूंचा इशारा मिळाला की रक्तात हार्मोन सोडतात. त्या पेशींची गाठ म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. 2018 च्या मार्चमध्ये अभिनेता इरफान खानने स्वतःच्या आजाराचं नाव जाहीर केलं, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी ते पहिल्यांदा ऐकलं. तसा हा आजार जुनाच. 1907 मध्ये ओबर्नडॉर्फर या जर्मन डॉक्टरांनी लहान आतड्यातल्या अशा गाठी वेगळ्या ओळखल्या होत्या. कर्करोगासारख्या दिसणाऱ्या, पण चालीनं संथ.

हा संथपणाच घात करतो. गाठ दोन-चार मिलिमीटरची असताना काहीच कळत नाही. आतड्यातल्या गाठीनं सेरोटोनिन सोडलं, तरी ते आधी लिव्हरमध्ये जातं आणि लिव्हर त्याची वासलात लावतं. म्हणून बहुतेकांना त्रास सुरू होतो तो गाठ लिव्हरमध्ये उतरल्यावर. तिथून सुटलेला हार्मोन सरळ रक्तात जातो: पाण्यासारखे जुलाब, चेहरा-छाती एकदम तापणं, कधी दम लागणं. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘चेहरा लाल होतो’. उन्हात राबलेल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसत नाही. माणूस म्हणतो, “तोंडातून वाफा निघतात.” बाई पंचेचाळिशीची असली की घरचे म्हणतात, पाळी जायचे दिवस आले. जुलाबावर लोपेरामाइड, पोटावर पँटोप्राझोल, आणि वर्षं निघून जातात. स्वादुपिंडातली इन्सुलिन सोडणारी गाठ असेल तर गंमत वेगळीच. सकाळी उपाशीपोटी किंवा एकादशीला घाम फुटतो, बडबड सुरू होते, झटका येतो, आणि साखर खाल्ली की माणूस ताळ्यावर. अशाला आधी देवऋषी दाखवला जातो, ग्लुकोमीटर नंतर. बऱ्याच गाठी तर काहीच सोडत नाहीत. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत त्या सापडतात.

आता साधा सीटी कुठे कमी पडतो ते पाहू. सीटी आकार दाखवतो. लिव्हरमध्ये डाग आहेत, एवढं तो सांगेल. मूळ गाठ आतड्याच्या कुठल्या वळणात बसली आहे, हाडात एखादा ठिपका उतरलाय का, आणि दिसणारा डाग याच जातीचा आहे की रक्तवाहिन्यांचा साधा, निरुपद्रवी पुंजका आहे, हे आकारावरून ठरवणं अवघड. त्यासाठी पेशीच्या अंगावर काय आहे हे विचारावं लागतं. गॅलियमचा स्कॅन तेच विचारतो.

या गाठींच्या बहुतेक पेशींच्या अंगावर एक खास रिसेप्टर, म्हणजे हार्मोन येऊन चिकटायची जागा, दाटीनं असतो, सोमॅटोस्टॅटिनचा. सोमॅटोस्टॅटिन हा शरीरातला ‘थांब’ म्हणणारा हार्मोन. अमेरिकेतल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये 1973 साली तो वेगळा काढला गेला, आणि तिथल्या रॉजर गिलमाँना मेंदूतल्या हार्मोनांवरच्या कामासाठी 1977 चं नोबेल मिळालं. अडचण अशी की खरा सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटांत मोडून जातो. म्हणून त्याची छोटी, टिकाऊ नक्कल केली गेली, आठ अमिनो आम्लांची. ऑक्ट्रिओटाइड हे नाव तुमच्या फाईलमधल्या महिन्याच्या इंजेक्शनवर दिसेल, ते हेच.

कापूसवाल्याला हे समजायला जड जाऊ नये. 2017 च्या गुलाबी बोंडअळीनंतर आपल्याकडे कामगंध सापळे घरोघरी माहीत झाले. सापळ्यातली ल्यूर म्हणजे मादी पतंगाच्या वासाची कारखान्यात केलेली, जास्त दिवस टिकणारी नक्कल. तिच्यावर गुलाबी अळीचाच नर येतो. अमेरिकन बोंडअळीचा पतंग तिला हुंगतही नाही, त्याची ल्यूर वेगळी. सापळ्यात पतंग पडला की कळतं, शेतात कुठली जात फिरते. इथे फरक एवढाच की पतंग ल्यूरकडे येत नाही, ल्यूरच रक्तातून फिरत जाऊन गाठीला चिकटते.

चिकटलेली ल्यूर दिसावी म्हणून तिच्या शेपटीला किरणोत्सारी अणू बांधतात. बांधायला डोटा नावाचा रेणू वापरतात, तो धातूचा अणू घट्ट पकडून ठेवतो. तिथून डोटाटेट, डोटाटॉक, डोटानॉक ही नावं आली. चिठ्ठीवर एक आणि रिपोर्टवर दुसरं दिसलं तर घाबरू नका, तिन्ही एकाच घरातली. डोटानॉक आणखी एक-दोन प्रकारच्या रिसेप्टरवरही बसतं, बाकी काम तेच. औषधाची मात्रा इतकी बारीक असते, मायक्रोग्रॅममध्ये, की शरीरावर औषध म्हणून तिचा परिणाम जवळपास जाणवत नाही.

बांधलेला अणू गॅलियम-68. तो फुटताना पॉझिट्रॉन सोडतो. पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भिडला की दोघंही संपतात आणि बरोबर विरुद्ध दिशांना दोन किरण निघतात. मशीनच्या गोल कड्यातल्या समोरासमोरच्या दोन डोळ्यांना एकाच क्षणी किरण लागले, की त्या दोघांमधल्या रेषेवर कुठेतरी अणू फुटला हे कळतं. अशा लाखो रेषा एकमेकींना छेदतात तिथं गाठ. सोबत सीटी होतोच, म्हणजे तो ठिपका नेमका कुठल्या अवयवात आहे तेही कळतं. फुटून गेलेल्या गॅलियमचं काय होतं? साधं जस्त. रब्बीच्या आधी शेतात टाकतो तेच, आणि इथे इतकं कमी की मोजदादच नको.

ही सगळी कल्पना हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी 1989 मध्ये आयोडीन बांधून करून दाखवली. पुढे इंडियमचं औषध आलं. अमेरिकेत त्याला 1994 मध्ये मान्यता मिळाली आणि वीसेक वर्षं त्याचंच राज्य होतं. त्या स्कॅनला दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्याही दिवशी पुन्हा मशीनखाली झोपावं लागे आणि चित्र धूसर यायचं. गॅलियमच्या डोटाटेटला अमेरिकेची मान्यता 2016 ची. काम एका सकाळीत होतं आणि अर्धा सेंटिमीटरची गाठही पुष्कळदा सापडते.

विदर्भातल्या माणसाला खरी अडचण येते ती पुढच्या आकड्यात. गॅलियम-68 दर 68 मिनिटांनी निम्मं होतं. यवतमाळच्या स्टँडवरून निघालेली एसटी नागपूरला पोचायला तीनेक तास घेते, तेवढ्यात त्यातला जेमतेम सहावा हिस्सा उरेल. म्हणून हे औषध कुठून मागवून फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. नेहमीच्या पेटचं फ्लोरिन-18 हे 110 मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते सायक्लोट्रॉनवरून, म्हणजे ते बनवणाऱ्या मोठ्या यंत्राच्या ठिकाणाहून, दुसऱ्या गावी पाठवणं जमतं. गॅलियम मात्र दवाखान्यातच काढावं लागतं. त्यासाठी जनरेटर असतो. वीज तयार करणारा नव्हे, शिशाच्या जाड कवचातली एक नळी. आत जर्मेनियम-68 चिकटवलेलं असतं. ते 271 दिवसांनी निम्मं होतं आणि सावकाश गॅलियम बनवत राहतं. नळीतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं की गॅलियम धुऊन बाहेर येतं. ते डोटाच्या औषधात घालून गरम करायचं, शुद्धता तपासायची, आणि लगेच रुग्णाला टोचायचं. पुन्हा पुरेसं गॅलियम साठायला तीन-चार तास जातात. एका खेपेत मोजक्याच रुग्णांचं भागतं. म्हणून केंद्रं आठवड्यातले ठराविक वार ठेवतात आणि नऊची वेळ दिली तर नऊलाच बोलावतात. गाडी चुकली म्हणून अकराला पोचलात, तर तुमच्या नावचं औषध अर्ध्याहून खाली गेलेलं असतं. शक्य असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

तांबं-64 हा यावर एक तोडगा आहे. ते पावणेतेरा तासांनी निम्मं होतं, दूर पाठवता येतं, अमेरिकेत 2020 पासून चालतं. आपल्याकडे जिथे गॅलियम मिळत नाही तिथे डॉक्टर टेक्निशियमचं औषध लिहितात. त्याला पेटचं मशीन लागत नाही, साधा गॅमा कॅमेरा पुरतो, पैसेही कमी लागतात. बारीक गाठी निसटू शकतात, पण अजिबात न करण्यापेक्षा ते बरंच.

स्कॅनच्या दिवशी काय होतं? पिवळ्या पाटीवर तीन पंखांची काळी खूण असलेल्या दारातून आत नेतात. दंडाला नाही, हाताच्या शिरेत सुई लावतात आणि शिशाच्या जड आवरणातल्या सिरिंजमधून औषध देतात. जळजळ नाही, चव नाही. मग तासभर नुसतं बसायचं, पाणी प्यायचं, आणि तिथल्याच वेगळ्या संडासात जाऊन यायचं. नको असलेलं औषध लघवीवाटेच निघतं. सोबतच्या माणसाला बाहेर बसवतात, तर त्यावरून भांडू नका, तो त्याच्याच भल्याचा नियम आहे. मशीनखाली वीस-तीस मिनिटं. नेहमीच्या पेटला चार-सहा तास उपाशी राहावं लागतं आणि साखर आटोक्यात लागते. गॅलियमच्या पेटला बहुधा उपास लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तरीही केंद्राला विचारून घ्यावं, कारण सोबत काँट्रास्टचा, म्हणजे शिरेतून वेगळं द्रव्य सोडून केलेला सीटी ठरला असेल तर सूचना बदलतात.

किरणांची भीती रास्त आहे, म्हणून आकडाच देतो. शरीराला लागलेले किरण मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. गॅलियमच्या औषधातून साधारण 4 ते 5 मिलिसिव्हर्ट मिळतात, वरून सीटीचे वेगळे. जमीन, आकाश, अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात. सकाळी टोचलेल्या औषधाचं सहा तासांनी शेकडा तीनसुद्धा उरत नाही. त्या दिवसापुरतं लहान मुलांना आणि पोटुशी बाईला खेटून बसू नये. अंगावर पाजणाऱ्या आईनं बारा तास दूध काढून टाकावं. दिवस गेले असण्याची शंका असेल तर टोचण्याआधीच सांगावं, लाजू नये.

रिपोर्ट हातात आला की घरचे आधी काळे ठिपके मोजतात. तसं करू नका. प्लीहा, दोन्ही किडन्या, मूत्राशय, लिव्हर, पिट्युटरी, अॅड्रिनल हे या औषधाला निरोगी माणसातही ओढतात. प्लीहा तर सगळ्यांत जास्त. वाचायची गोष्ट म्हणजे क्रेनिंग स्कोअर. रॉटरडॅमच्या त्याच टीममधल्या डॉक्टरांचं हे नाव. गाठीनं लिव्हरपेक्षा जास्त औषध ओढलं तर 3, प्लीहेपेक्षाही जास्त ओढलं तर 4. इथे स्कोअर जास्त म्हणजे रोग जास्त, असं नव्हे. जास्त स्कोअर म्हणजे रिसेप्टर भरपूर, आणि हे बहुधा चांगलंच लक्षण. गाठ अजून आपल्या मूळ चालीवर आहे.

उलट गाठ बिघडत, वेगानं वाढत जाते तसे तिचे रिसेप्टर कमी होतात आणि साखरेची भूक वाढते. अशी गाठ गॅलियमला दिसत नाही, नेहमीच्या एफडीजी पेटला, म्हणजे साखरेची नक्कल टोचून केलेल्या पेटला दिसते. तुकड्याच्या रिपोर्टवर ‘केआय-67’ लिहिलेलं असतं, ते वाढीचा वेग सांगतं: 3 टक्क्यांखाली ग्रेड एक, 20 पर्यंत ग्रेड दोन, त्याच्या वर ग्रेड तीन. वरच्या ग्रेडला डॉक्टर दोन्ही पेट सांगतात तेव्हा ते उगाच पैसे काढत नसतात. एकात दिसणारी आणि दुसऱ्यात न दिसणारी गाठ कोणती, यावर पुढचं औषध ठरतं.

या स्कॅनलाही चकवे लागतात. सुजेच्या पेशींवर तेच रिसेप्टर असतात. म्हणून टीबीची लिम्फची गाठही चमकू शकते, आणि आपल्याकडे टीबी काही नवा नाही. स्वादुपिंडाच्या खालच्या कोपऱ्यात औषध आपसूक साचतं आणि गाठीचा भास होतो. सिकलसेलच्या एसएस रुग्णांची प्लीहा वयाबरोबर आकसून जाते, मग प्लीहेशी तुलना करायची कशी? आपल्या पट्ट्यात सिकलसेल भरपूर, तेव्हा ते कार्ड फाईलला लावूनच द्या. इन्सुलिनच्या गाठी बऱ्याचदा या औषधाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी एक्सेंडिनची वेगळी ल्यूर आहे.

माझ्या काउंटरवरचा एक चकवा इथेच सांगतो. या आजारात रक्तातलं क्रोमोग्रॅनिन-ए, म्हणजे अशा पेशींतून सुटणारं एक प्रथिन, तपासतात. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, कुठलीही रोजची गॅसची गोळी ते भलतंच वाढवून ठेवते. रिपोर्ट वाढलेला येतो आणि घरात रडारड. गोळी साधारण दोन आठवडे आधी बंद ठेवावी लागते, डॉक्टरांना विचारूनच. सेरोटोनिन किती सुटतं हे पाहायला 24 तासांची लघवीही तपासतात, त्याआधी दोन-तीन दिवस केळी, टोमॅटो आणि वांगी बंद. वांग्याचं ऐकून आमच्याकडे चेहरे पडतात, पण इलाज नाही.

आता खर्चाचं उत्तर. गॅलियम जिथे चिकटलं, तिथेच त्याच नकलेला ल्युटेशियम-177 बांधून पाठवता येतं. ते बीटा कण सोडतं, जे शरीरात जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात आणि गाठीतच काम करतात. हा मात्र उपचार. काउंटरवरच्या त्या पहिल्या प्रश्नाच्या भाषेत, आतून दिलेला शेक. साधारण आठ आठवड्यांच्या अंतरानं चार वेळा देतात, किडन्या वाचवायला सोबत अमिनो आम्लांची सलाईन लावतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या नेटर-1 चाचणीत आतड्याच्या पसरलेल्या गाठी असलेल्यांना हे दिलं, तेव्हा 20 महिन्यांनी 65.2 टक्के रुग्णांत आजार पुढे सरकलेला नव्हता. नुसतं जादा मात्रेचं ऑक्ट्रिओटाइड घेणाऱ्यांत हे प्रमाण 10.8 टक्के होतं. हे ल्युटेशियम आपल्याकडे मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) ध्रुव अणुभट्टीतही बनतं. आधीच्या स्कॅनमध्ये रिसेप्टर दिसलेच नाहीत तर हे देऊन उपयोग नाही. म्हणजे गॅलियमचा पेट नुसता ‘कुठे आहे’ सांगत नाही, ‘हा इलाज लागू पडेल का’ हेही आधीच सांगतो. त्याच्या उलट, जुलाब आहेत म्हणून कुणी सरळ गॅलियम करून येतो म्हणाला तर मी त्याला थांबवतो. आधी तुकडा, रक्त, लघवी. तुकडा काढला की गाठ पसरते ही भीती बाजूला ठेवा. तुकड्याविना पुढचं सगळं अंधारात तीर मारणं.

निघताना फाईलमध्ये तुकड्याचा रिपोर्ट केआय-67 सकट, जुन्या सीटीची सीडी, नुसता कागद नव्हे, आणि किडनीच्या कामाचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट असू द्या. ऑक्ट्रिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन सुरू असेल तर शेवटचं कधी घेतलं ती तारीख ठळक लिहा. ते औषध त्याच जागा अडवून बसतं, म्हणून स्कॅन पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी धरतात. केंद्राला फोन करून दोन गोष्टी विचारा: गॅलियमचा वार कोणता, आणि त्या दिवशी पोचायची शेवटची वेळ काय. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. पैसे भरून झाल्यावर विचारून फायदा नसतो. मुंबईला जायची वेळ आली तर कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेभाड्यात सवलत आहे. तिचा फॉर्म दवाखान्याकडूनच भरून घ्यावा लागतो, विदर्भ एक्सप्रेसच्या खिडकीवर तो मिळत नाही.